शहामृगाच्या पिसांचा धंदा: पक्षी वाचला की शेतकरी बुडाला?

लसूणघास:
दक्षिण आफ्रिकेत केप कॉलनीत १८६५ च्या मोजणीत पाळीव शहामृगं होती फक्त ८० आणि १८७५ ला बत्तीस हजारांच्या वर. मधल्या काळात तारेची कुंपणं आली, चाऱ्याला लसूणघास आला आणि आर्थर डग्लस नावाच्या शेतकऱ्याने १८६९ मध्ये अंडी उबवायच्या मशीनचं पेटंट घेतलं. त्याआधी बायकांच्या हॅटसाठी पिसं हवीत तर घोडा घेऊन मागे लागा आणि पक्षी मारा. माझं स्पष्ट मत, अख्ख्या पिसांच्या बाजारात हा एकच धंदा पक्ष्याच्या बाजूचा होता. इंग्लंडमधल्या पक्षीप्रेमी बायकांनी पिसं न घालायचा नियम केला त्यातही शहामृगाला सूट होती, पिसांच्या आयातबंदीच्या १९२१ च्या ब्रिटिश कायद्यात पण.

रानपिंगळा:
पक्ष्याच्या बाजूचा?? अहो वाचला तो केपमधला. उत्तर आफ्रिकेत शिकारीने पार धुळधाण उडाली, अरबी शहामृग तर विसाव्या शतकात संपलाच. आणि सुरुवातीला जिवंत पक्ष्याची पिसं मुळासकट उपटायचे.

लसूणघास:
उपटायचे, मान्य, पण लवकरच कापायला लागले ना. डोक्यावर मोजा चढवायचा, अंधार झाला की पक्षी गप्प, मग लाकडी खोक्यात ढकलून पीस देठ ठेवून कापायचं, देठ वाळला की दोनेक महिन्यांनी तो काढायचा. दुखत नाही.

रानपिंगळा:
उपटलं की पुढचं पीस खराब येतं म्हणून कापलं. दयेचा काय संबंध, मालाची क्वालिटी!

माणदेशी:
पक्ष्याचं राहू द्या, शेतकऱ्याचं बोला. आपल्याकडे इमू आला होता आठवतंय का, आमच्या चुलत्यांच्या गळ्यात एका कंपनीने पिल्लं मारली, मोठे झाले की परत घेतो म्हणाले आणि गायब, शेवटी खाद्याला पैसे नाहीत म्हणून पक्षी माळावर सोडले. हे शहामृग प्रकरण तेच वाटतं.

हिशेबनीस:
नाही हो, इमूला गिऱ्हाईकच नव्हतं, पुढचा फसणारा शेतकरी हेच गिऱ्हाईक. तिकडे लंडनला खरे लिलाव व्हायचे, १९१३ ला दक्षिण आफ्रिकेच्या निर्यातीत सोनं, हिरे, लोकर यांच्यानंतर पिसांचा चौथा नंबर. लिथुआनियातून आलेल्या ज्यू व्यापाऱ्यांनी केपमधल्या औट्सहोर्न गावात मोठी पेठ उभी केली. तिथल्या सरकारने १९११ ला चांगल्या जातीच्या शहामृगांसाठी थेट सहाराच्या कडेला माणसं धाडली, एवढा भरवसा. मग १९१४ ला युद्ध, त्यात मोटारीत मोठ्या हॅट घालून बसता येईना, बसला बाजार.

माणदेशी:
युद्ध आणि मोटार ही निमित्तं हो. १९१३ ला पाळलेले पक्षी पावणेआठ लाख! १८८० च्या दशकात एकदा भाव आपटले होतेच, तरी भिजणाच्या जमिनीत घासच लावत सुटले. माल असा की खाता येत नाही आणि गिऱ्हाईक म्हणजे पॅरिस-लंडनच्या बायकांची हौस. पिसांच्या पैशातून बांधलेल्या त्या वाड्यांचे फोटो सगळे टाकतात, तिथल्या मजुरांना काय मिळायचं ते कोणी काढत नाही.

हिशेबनीस:
बाजार पडणार हे आधी कळतं तर आपण सगळे टोमॅटोत श्रीमंत झालो असतो राव.

रानपिंगळा:
आणि पाळलं की वाचतो म्हणणाऱ्यांसाठी, पिसांसाठी बगळे पण पाळले होते, सिंधमध्ये, तेव्हा तो मुंबई इलाख्यातच होता. १९०२ पासून हिंदुस्थानातून रानपक्ष्यांची पिसं बाहेर पाठवायला बंदी होती. आता एका गठ्ठ्यातलं कुठलं पीस पिंजऱ्यातलं आणि कुठलं तळ्यावरचं, हे कस्टमवाला कसं ओळखणार ते सांगा.

लसूणघास:
बगळ्याचा वेगळा धागा काढा. शहामृगाच्या बाबतीत मी माझ्या मतावर ठाम आहे.