बंदराला नावं ठेवताना आपण नक्की कशाला नावं ठेवतो?

हौशी_खलाशी
ओळखीतली दोन कुटुंबं एकाच जहाजाने भूमध्य समुद्राची सफर करून आली. इटलीतल्या चिवितावेक्किया बंदराबद्दल एकाचं मत 'अख्ख्या सफरीतला भिकार दिवस', दुसऱ्याचं 'सगळ्यात निवांत दिवस'. खोदून विचारलं तेव्हा गंमत कळली. शिव्या घालणारे रोमला गेले होते. रोम तिथून ७०-८० किलोमीटर. जाण्यायेण्यात अर्धा दिवस, उरलेला रांगेत, आणि जहाज चुकेल म्हणून सगळा वेळ डोळे घड्याळाकडे. खुद्द चिवितावेक्कियात त्यांनी पाहिलं काय, तर रेल्वे स्टेशन! दुसरं कुटुंब लांब कुठेच गेलं नाही. बंदरालगतच्या किल्ल्याकडे (मायकेलअँजेलोच्या नावाने ओळखतात) चक्कर मारली, समुद्राकाठी बसले, जेवले, परत आले.
म्हणून म्हणतो, 'निराशाजनक बंदर' ह्या शेऱ्यात बंदराचा हात फार थोडा असतो. आपण आपल्या वेळापत्रकाला शिव्या देतो आणि त्या लागतात गावाला.

उलटतपासणी
साफ अमान्य. कार्यक्रमपत्रिकेत 'रोम' छापायचं, उतरवायचं चिवितावेक्कियात, आणि माणसाने नावं ठेवली की माणूसच चुकला? 'बर्लिन' म्हणून वार्नेम्युंडेला सोडतात. तिथून बर्लिन एका बाजूने तीन तास. 'पॅरिस' म्हणजे ल आव्र, पॅरिसपासून सुमारे २०० किलोमीटर. पैसे रोमच्या नावाने घेतलेत ना? मग मोजमापही रोमच्याच मापाने होणार.

हौशी_खलाशी
मग कंपनीला नावं ठेवा की. ल आव्रचा काय गुन्हा?

दुपारचे_बारा
ल आव्रचा विषय निघालाच आहे तर. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ च्या बॉम्बवर्षावात ते शहर जवळजवळ भुईसपाट झालं. ओग्युस्त पेरे ह्या वास्तुविशारदाने ते काँक्रीटमध्ये पुन्हा उभारलं आणि २००५ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरवलं. मोनेने 'इम्प्रेशन, सनराइज' हे चित्र रंगवलं तेही ह्याच बंदराचं. आणि आमच्या जहाजावरचे बहुतेक लोक पहाटे बसमध्ये झोपून पॅरिसला गेले, रात्री बसमध्ये झोपूनच परतले.
सिसिली बेटावरच्या मेसिना बंदराचंही तेच. सगळे तिथून ताओर्मिना ह्या पर्यटनगावाला पळतात. मेसिनाच्या कॅथेड्रलच्या मनोऱ्यावर १९३३ चं खगोलीय घड्याळ आहे. भर दुपारी बाराला त्यावरचा सोनेरी सिंह गर्जना करतो, मग कोंबडा आरवतो. बंदरापासून चालत जाता येतं, तिकीट नाही. मी लहान पोरासारखा तोंड उघडं टाकून बघत होतो.

उलटतपासणी
बारा वाजता कोंबडा. बरं. आणि साडेबारापासून संध्याकाळपर्यंत काय करायचं?

दुपारचे_बारा
जेवा. सिसिलीत आहात.

केबिन_आतली
तुमचं दोघांचं युरोपातच चाललंय. कॅरिबियनमध्ये या. जमैकाचं फाल्मथ बंदर २०११ मध्ये अजस्र जहाजांसाठी बांधलं. उतरलं की कुंपणाच्या आतच बाजार. तीच घड्याळं, तेच हिरे, तेच टीशर्ट, जे आदल्या दिवशीच्या बेटावर होते. गाव असं नसतंच, गावाचा देखावा असतो. ह्याला लोक उगाच नावं ठेवतात असं म्हणायची माझी तरी तयारी नाही.

हौशी_खलाशी
ताई, कुंपणाबाहेर गेला होतात? फाल्मथ १७६९ मध्ये वसलेलं गाव आहे, जॉर्जियन (तेव्हाच्या ब्रिटिश) धाटणीच्या जुन्या इमारती आजही उभ्या आहेत.

केबिन_आतली
गेले होते. दहा पावलं. मग टॅक्सीवाल्यांचा गराडा, आणि बरोबर गुडघे धरून चालणाऱ्या सासूबाई. इमारती असतील हो छान. पण बंदर कसं आहे हे ज्याला लांब चालता येत नाही त्यानेही ठरवायचं की नाही? व्हॅलेटाला धक्क्याजवळून लिफ्टने थेट वरच्या बागेत पोचतो. त्या लिफ्टसाठीच माझ्याकडून माल्टाला पैकीच्या पैकी.

उलटतपासणी
हा मुद्दा मात्र शंभर टक्के मान्य.

वारा_पडलेला
एक राहिलं. न उतरताच शून्य मार्क देणारे! ग्रीसच्या सँटोरिनी बेटाला मोठी जहाजं समुद्रातच नांगर टाकतात, किनाऱ्यावर लहान बोटीने जायचं. वारा सुटला की बोटी बंद, बंदर रद्द. उतरलात तरी वर कड्यावरच्या गावात जायला केबल कारची रांग, नाहीतर सुमारे ६०० पायऱ्या. एकाच दिवशी चार जहाजं आली की ती रांग म्हणजेच तुमचं सँटोरिनी. गर्दीला कंटाळून तिथे २०२५ पासून दिवसाला ८,००० क्रूझप्रवाशांची मर्यादा घातली आहे. मी बुकिंगआधी त्या तारखेला किती जहाजं येणार ते बघतो. बंदराचं नाव नंतर.

हौशी_खलाशी
म्हणजे शेवटी दोष वेळापत्रकाचाच निघाला.

उलटतपासणी
वेळापत्रक छापतं कोण, भाऊ?