मदत हवी आहे : आकेशियाखालचा पातेरा (गळून पडलेला वाळका पाला) काढू की राहू देऊ? ऐन-किंजळाची रोपं जगवायची आहेत

नमस्कार मंडळी,

कुडाळ तालुक्यात आमची थोडी वरकस जमीन आहे. ऐंशीच्या दशकात आजोबांनी तिथे ऑस्ट्रेलियन आकेशिया लावला. तेव्हा सगळा सडा (जांभ्याचं पठार) उघडा पडला होता, जे काही लावू ते गुरं खायची, आणि आकेशियाला गुरं तोंड लावत नाहीत. जळणाची सोय झाली, सावली झाली, जमीन वाहून जायची थांबली. त्यांनी केलं ते त्या वेळी योग्यच होतं. पण आता मला तिथे आपलं रान परत हवंय : ऐन, किंजळ, नाणा, कुंभा, जांभूळ. ते आणायचं कसं, यावर घरात एकमत होत नाही.

काका म्हणतात, सगळा आकेशिया एकदम तोड, पातेरा जाळ आणि काजू लाव. ठेकेदारही येऊन बघून गेलाय. मला ते पटत नाही, कारण आत काहीतरी उगवतंय. ओहोळाच्या कडेने चांदाडा, अंजनी आणि करवंद दाट झालंय. बांधावर जुनं जांभळाचं झाड आहे, त्याच्या आसपास जांभळाची रोपं आहेत. मधला भाग मात्र जवळजवळ रिकामा. तिथे नुसता पातेरा.

खरी अडचण या पातेऱ्याचीच वाटते. ऐनाचा, आंब्याचा पाला पावसात कुजून जातो. आकेशियाचा मागच्या सालचा शिल्लक असतानाच वर नवा पडतो. आपण ज्याला त्याचं पान म्हणतो तो रुंद झालेला देठ असतो, जाड आणि चिवट, त्यामुळे कुजायला वेळ घेतो. श्रावणात पावसाने उघडीप दिली तेव्हा बसून हाताने थर उचकून पाहिला. वरची पानं सुटी, वाळून वळलेली. त्याखालची चपटी होऊन एकमेकांना चिकटलेली, मध्ये बुरशीचे पांढरे धागे. चांगलं चार बोटं खाली गेल्यावर जांभ्याचे खडे आणि माती लागली. किंजळाची पंखवाली फळं त्या थरात मध्येच अडकली होती. एकाला मूळ फुटलं होतं. ते आडवं दोन बोटं गेलं होतं आणि टोकाला वाळून काळं पडलं होतं, मातीपर्यंत पोचलंच नव्हतं. तिथून हातभरावर जांभळाचं एक रोप तोच थर फोडून वर आलेलं, पानं तुकतुकीत.

तर मला विचारायचंय ते असं. पातेरा पूर्ण काढला तर किंजळ-ऐनाचं बी रुजेल का? की त्याने जमिनीचं जास्त नुकसान होईल? वाडीतल्या बायका भाजावळीसाठी (भाताची रोपं करायची जमीन पेरणीआधी भाजायला) पातेरा मागतात, त्यांना तो कुठून आणि किती नेऊ द्यावा? आणि आकेशिया विरळ करायचा तर सुरुवात कुठून करू? कोणी स्वतःच्या जमिनीत असं केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. यंदाच्या उन्हाळ्यात काही केलं नाही तर ठेकेदाराचा मुहूर्त लागेल, ही भीती आहे.

प्रतिसाद १

पहिलं सांगतो, पातेरा सरसकट काढू नका. यावर आकेशियाच्याच लागवडीत झालेलं काम आहे. जावा बेटावर विअर्सम या संशोधकांनी झाडोऱ्याचा एकेक थर काढून मातीची धूप मोजली होती, ते १९८५ मध्ये छापून आलं. झाडांखालचं झुडूप काढल्याने फारसा फरक पडला नाही, पण पातेरा काढल्यावर धूप प्रचंड वाढली. उंच फांद्यांवरून पडणारे थेंब मोठे असतात, ते उघड्या मातीवर थेट आपटतात. आपल्याकडचा पाऊस आणि जांभ्याची पातळ माती बघता एका पावसाळ्यात उरली सुरली माती ओहोळात जाईल.

तुम्ही जे पाहिलंत त्याचं कारण बियांच्या आकारात आहे. जांभूळ, आंबा, रातांबा, बेहडा यांच्या बीमध्ये शिदोरी भरपूर, त्यामुळे मूळ थरातून खाली आणि कोंब वर जायला बळ मिळतं. उलट, पातेऱ्याखाली ओल टिकते याचा त्यांना फायदाच होतो. हलक्या, वाऱ्याने उडणाऱ्या बियांचं तसं नाही. त्या वरच अडकतात आणि उघडीप पडली की वाळतात. म्हणून सरसकट साफ न करता, जुनी ऐन-किंजळाची झाडं असतील त्यांच्यावरून वारा ज्या बाजूला बी उडवून नेतो त्या बाजूला, पावसाच्या आधी टोपलीएवढी आळी मोकळी करा. तिथे माती दिसेपर्यंत पातेरा बाजूला ओढायचा, बाकीचा जिथल्या तिथे. आसपास आईझाडच नसेल तर पिशवीत रोपं करून लावणं बरं.

आणि जाळू तर मुळीच नका. आकेशियाच्या बीचं कवच कठीण असतं, ते मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं. आग लागून गेली की ते कवच तडकतं आणि पहिल्या पावसात आकेशियाचीच रोपं दाट उगवतात. कोवळं जांभूळ, अंजनी जळून जाते ते वेगळंच.

भाजावळीला पातेरा द्या, पण रस्त्याच्या आणि बांधाच्या कडेचा. तिथे तशीही जाळरेषा हवीच. दोन-तीन मीटरचा पट्टा माघ-फाल्गुनात झाडून ठेवला की वणवा आत येत नाही.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. तोडीबद्दल लिहिते.

एकदम सगळं तोडलंत तर ऊन आत येईल आणि पहिलं येईल ते रानमोडीचं तण, मग गवत, मग त्या गवताला वणवा. देशी रोपांना थोडा उजेड हवा असतो, पण तो टप्प्याटप्प्याने. जिथे खाली रोपं आधीच आहेत तिथून सुरुवात करा, म्हणजे ओहोळाची कड आणि जांभळाचा भाग. त्यांच्या डोक्यावरचा आकेशिया आधी विरळ करा. रिकाम्या मध्यभागाला सध्या हात लावू नका, तिथली सावलीच रानमोडीला रोखून आहे. फळं खाणारे बुलबुल त्याच फांद्यांवर बसतात आणि खाली बी टाकतात, तेही काम चालू राहू द्या.

पुदुच्चेरीजवळ ऑरोव्हिलमध्ये हेच केलं गेलं. उजाड लाल मातीवर आधी आकेशिया वाढवला आणि त्याच्या सावलीत तिथली देशी झाडं लावली. डिसेंबर २०११ मध्ये तिथे 'थाने' नावाचं चक्रीवादळ आलं तेव्हा आकेशिया मोठ्या प्रमाणावर पडला. आकेशिया वाऱ्याला कच्चा आहे, हे विरळणी करताना ध्यानात ठेवा. कडेच्या रांगा शेवटी काढा, म्हणजे आतल्यांना आडोसा राहील.

ठेकेदाराबाबत फार काळजी घ्या. रोपं मरतात ती तोडीत कमी आणि ओंडके ओढताना जास्त. आधी स्वतः फिरून प्रत्येक देशी रोपाशेजारी काठी रोवा, तिला लाल चिंधी बांधा आणि ओंडके काढायची एकच वाट ठरवून द्या. १९६४च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत ऐन, किंजळ, जांभूळ आहेत, आकेशिया नाही. तरी तोड आणि वाहतूक दोन्हींचं वनखात्याकडून लेखी घ्या, आणि ठेकेदाराशी करार करताना "फक्त आकेशिया" असं स्पष्ट लिहून घ्या.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. काकांना दोन्ही प्रतिसाद वाचून दाखवले. जाळायचं त्यांनी सोडून दिलंय, काजूचं अजून सोडलेलं नाही. कडेच्या एका पट्ट्यात काजू आणि बाकी रान, यावर बहुधा जमेल.

किंजळाचं एक मोठं झाड शेजारच्या जमिनीत आहे, आमच्या हद्दीपासून फार लांब नाही. आळी त्याच बाजूला करतो आणि जाळरेषेचा पातेरा वाडीला देतो. आता एकच विचारायचंय : ऐन आणि नाणा यांचं बी गोळा करून पिशवीत लावायचं तर भिजत किती घालावं, आणि नाण्याचं बारीक बी वाळूत मिसळून पेरलेलं चालतं का? सावंतवाडी-कुडाळ भागात कोणाकडे या दोन्हींची रोपं तयार असतील तर तेही कळवा, येऊन घेऊन जाईन.