गरिबी हटवायची तर पैसा आधी कुठे: मुलींच्या शाळेत की बायकांच्या कामात?

मूळ धागा

सरकारकडे पैसा मोजकाच असेल तर तो आधी मुलींच्या माध्यमिक शिक्षणावर खर्च करावा, असं माझं ठाम मत आहे. प्राथमिक नव्हे, माध्यमिक. गळती खरी तिथे होते. शाळा लांबची होते, धाकटी भावंडं सांभाळायला कुणी लागतं, लग्नाचं बोलणं सुरू होतं. मेक्सिकोने १९९७ साली ‘प्रोग्रेसा’ योजना आणली, तेव्हा हे नेमकं हेरलं होतं. मूल शाळेत हजर राहिलं तर अनुदान, ते आईच्या हातात, आणि माध्यमिकला मुलीसाठी मुलापेक्षा जास्त रक्कम.

फायदा पुढच्या पिढीतही दिसतो. १७५ देशांचा एक अभ्यास २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. १९७० ते २००९ या काळात बालमृत्यू जेवढे घटले, त्यातली जवळपास निम्मी घट त्यात स्त्रियांच्या वाढलेल्या शिक्षणामुळे धरली आहे.

प्रतिसाद १

असहमत. बालमृत्यूंचं मान्य, पण घरात येणारा पैसा हा वेगळा प्रश्न आहे. जॉर्डन बघा. तिथे विद्यापीठांत मुली निम्म्याहून जास्त, आणि नोकरी करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या बायका शंभरात साधारण पंधरा. पदवी घेऊनही ती घरीच राहिली, तर पगार एकाचाच येणार. आधी काम, सुरक्षित प्रवास आणि पाळणाघर द्या. काम दिसलं की आईबाप आपणहून शाळेत पाठवतील.

प्रतिसाद २

मी शिकवते, म्हणून एवढंच सांगते. आठवीत येऊनही साधा परिच्छेद वाचताना अडखळणाऱ्या मुली माझ्या वर्गात आहेत. पटावर त्या ‘शिकतायत’. दोघंही शाळेत जाणं म्हणजेच शिकणं धरून चालला आहात, आणि मला त्याचा फार त्रास होतो.

धागाकर्ती

प्रतिसाद २, तुमचं म्हणणं मनाला लागलं. मी फक्त हजेरीचं बोलले, हे खरंच.

प्रतिसाद १, बांगलादेशने १९९४ साली ग्रामीण भागात माध्यमिकच्या मुलींना देशभर विद्यावेतन सुरू केलं. अटी तीन: ७५ टक्के हजेरी, परीक्षेत ठरावीक गुण, आणि शालान्त परीक्षेपर्यंत लग्न नाही. ही तिसरी अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ती मुलीचं लग्न लांबवते, आणि लांबलेल्या त्या वर्षांत तिला स्वतःचं काही ठरवता येतं.

प्रतिसाद १

त्याच बांगलादेशात तयार कपड्यांच्या कारखान्यांजवळच्या गावांत मुली जास्त वर्षं शाळेत टिकल्या, असं संशोधकांना आढळलंय. वाचता-मोजता येणाऱ्या मुलीला तिथे चांगलं काम मिळत होतं. मी म्हणतो ते हेच.

धागाकर्ती

बरोबर, पण त्या कामाला वाचता-मोजता येणारी मुलगीच हवी होती ना? कारखाना दहा वर्षांनी आला तरी चालतो. आज बारा वर्षांची असलेली मुलगी तेव्हा बावीसची असेल. शाळा सुटून तिला दहा वर्षं झालेली असतील, बहुधा कडेवर मूल असेल. तिला परत आठवीत कोण बसवणार?

प्रतिसाद १

याला माझ्याकडे उत्तर नाही. शाळा आधी, हे आजच्या बारा वर्षांच्या मुलीपुरतं मान्य करतो. पण जी आज बावीसची आहे, तिच्यासाठी पाळणाघर आणि कामावर नेणारी बस याच अंदाजपत्रकात हवी. तिलाही दहा वर्षं थांबायला सांगू नका.