‘जिता क्योएई’ला मराठीत काय म्हणावं?

टेकडी: लहान मुलांच्या ज्युदो वर्गासाठी एक मराठी टिपण लिहिते आहे. ज्युदोच्या दोन बोधवचनांपाशी गाडी अडली: ‘सेइर्योकु झेन्यो’ आणि ‘जिता क्योएई’. माझ्याकडच्या पत्रकात पहिल्याचा अर्थ ‘कमी ताकदीत जास्त परिणाम’ आणि दुसऱ्याचा चक्क ‘व्यक्तिमत्त्व विकास’ असा दिलाय. दुसरा मला अजिबात पटत नाही. शिवाय ‘ज्युदो’तल्या ‘दो’ला ‘मार्ग’ म्हणू की ‘साधना’?

चाफेकळी: पहिलं सोपं आहे. ‘सेइर्योकु’ म्हणजे शक्ती, ‘झेन’ म्हणजे चांगलं, ‘यो’ म्हणजे वापर. शक्तीचा सदुपयोग! आपल्या ‘सत्’ला तिथे जागा आहेच. ‘कमी ताकदीत’ म्हटलं की नुसती काटकसर उरते, चांगल्या कामाला लावणं निसटतं. आणि हा ‘झेन’ बौद्ध पंथातला झेन नव्हे. तो आपल्या ‘ध्यान’पासून चीनमार्गे गेलेला, त्याचं चित्राक्षर वेगळं.

कडुनिंब: ‘ज्युदो’तल्या ‘ज्यु’चाही अर्थ टिपणात द्या. मऊ, लवचीक. ‘नमतं घेणं’ मात्र लिहू नका, त्यात माघार आहे. ज्युदोचे संस्थापक कानो जिगोरो आकड्यांनी समजावत: समोरच्याची ताकद दहा, माझी सात. त्याने ढकललं आणि मी सगळा जोर लावून अडलो तरी हरणार. मी त्याच्या ढकलण्याबरोबर मागे सरकलो तर त्याचा तोल जातो, आणि त्या क्षणी त्याची ताकद समजा तीनच उरते. माझी सात शाबूत असते, तीही सगळी लागत नाही. मुलांना हे लगेच कळतं, एकमेकांना ढकलून बघायला सांगा.

पाऊलवाट: ‘जिता क्योएई’बद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण ‘व्यक्तिमत्त्व विकास’ या भाषांतराने मूळ विचार उलटा होतो. ‘जि’ म्हणजे स्व, ‘ता’ म्हणजे पर, ‘क्यो’ म्हणजे सह, ‘एई’ म्हणजे भरभराट. चारांतले दोन शब्द दुसऱ्या माणसाची आठवण करून देतात, आणि पत्रकातून नेमका तोच गायब!

कानो हाडाचे शिक्षक. तोक्योच्या उच्च शिक्षक-प्रशिक्षण विद्यालयाचे ते अनेक वर्षं प्रमुख होते. १८८२ साली एइशोजी देवळात बारा तातामींच्या (गवती चटयांच्या) जागेत कोदोकान ही त्यांची ज्युदोशाळा सुरू झाली तेव्हा शिष्य मोजके नऊ. जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धविद्येतली घातक तंत्रं त्यांनी मोकळ्या सरावातून वगळली आणि नीट पडायला शिकवण्यावर भर दिला. हे तत्त्वज्ञान तातामीवर डोळ्यांनी दिसतं. पाडणारा ‘तोरी’, पडणारा ‘उके’. पाडताना तोरी उकेची बाही सोडत नाही, वर खेचून धरतो, म्हणजे त्याचं डोकं आपटत नाही. उकेने अंग दिलं नाही तर तोरीला डाव बसवताच येत नाही. मग भूमिका बदलतात. दोघांपैकी एकाची प्रगती दुसऱ्याच्या अंगावरूनच होते. ही दोन वचनं कानोंनी १९२२ साली जाहीरपणे मांडली आणि घर, शाळा, समाज सगळीकडे लागू धरली.

आपल्याकडे याला जवळचा शब्द आहे: सावड. आज तुझ्या शेतात मी, उद्या माझ्या शेतात तू.

कडुनिंब: सावड सुंदर आहे, पण शहरातल्या मुलांना कळेल का? आणि सावडीत परतफेडीचा हिशेब असतो. उके परतफेडीसाठी पडत नाही, पडणं हेही त्याचं शिकणंच.

पाऊलवाट: हिशेबाचा मुद्दा मान्य. मग वचन म्हणून ‘परस्पर उत्कर्ष’ ठेवा आणि सावड समजावताना सांगा. ‘सहविकास’ नको, सरकारी योजनेचं नाव वाटतं.

टेकडी: ‘परस्पर उत्कर्ष’ घेतला. सावडही सांगेन, आमच्या वर्गातल्या काही मुलांचे आजोबा अजून भातशेती करतात. ‘दो’चं काय?

चाफेकळी: माझं मत ‘मार्ग’. ‘जुजुत्सू’तला ‘जुत्सु’ म्हणजे तंत्र, विद्या. कानोंनी ते बाजूला ठेवून ‘दो’ घेतलं ते याचसाठी की डाव हे साधन आणि माणूस घडणं हे साध्य. (‘ज्युदो’ हा शब्द त्यांनी घडवलेला नाही, जुजुत्सूच्या जिकिशिन परंपरेत तो आधीच होता.) साधना एकट्याने खोलीत बसूनही होते, ज्युदोला कुणीतरी समोर लागतंच.

टेकडी: आणि तोरी, उके यांना मराठी शब्द?

कडुनिंब: नको. ‘हाजिमे’ (सुरू करा), ‘माते’ (थांबा) या आज्ञा स्पर्धेत जगभर जपानीतच देतात, मुलांच्या कानाला तेच शब्द सवयीचे होऊ द्या. अर्थ तेवढा एकदा नीट सांगा: तोरी घेणारा, उके झेलणारा.