सेन्सर म्हणतो ५८, ग्लुकोमीटर म्हणतो ९६. रात्री तीनला ऐकायचं कुणाचं?

भाकरतुकडा:
वडील ६९ वर्षांचे, टाइप २, डायबेटिस १६ वर्षांपासून. सकाळ-संध्याकाळ ३०/७० मिक्स इन्सुलिन (२२ आणि १४ युनिट) आणि मेटफॉर्मिन. डाव्या दंडाला सतत साखर मोजणारा १४ दिवसांचा सेन्सर लावलाय, लो अलार्म ७० वर. पहिल्या दोन्ही रात्री पावणेतीन-तीनला अलार्म वाजला. सेन्सरवर ५८ आणि ६१, बोट टोचून पाहिलं तर ९६ आणि १०१. घाम नाही, थरथर नाही. जेवणानंतर तासाभरानेही फरक होताच: सेन्सर १८८, मीटर २१४.

तिसऱ्या रात्री ६४ दिसले. बोट न टोचताच ग्लासभर साखरपाणी दिलं. दहा मिनिटांनी ६२ दिसले म्हणून आणखी एक ग्लास आणि चार बिस्किटं दिली. सकाळी २४३!

सेन्सर खराब आहे का? संध्याकाळचं इन्सुलिन दोन युनिटांनी कमी केलं तर चालेल का? आणि चार दिवसांनी एकादशी आहे, ते ऐकणार नाहीत.

दंडावरची_टिकली:
ते डाव्या कुशीवर झोपतात का, हे आधी बघा. सेन्सरवर अंगाचा भार पडला की तिथल्या कातडीतला रक्तपुरवठा दबतो. पेशी आपल्या वाट्याची साखर वापरत राहतात, पण नवी तिथे पोचत नाही. त्यामुळे तेवढ्या जागेत साखर खरंच कमी होते आणि सेन्सर तीच दाखवतो. बाकी शरीरात सगळं ठीक असतं.

आलेखाच्या आकारावरून हे ओळखता येतं. दाबामुळे आलेला लो विहिरीसारखा दिसतो: सरळ रेष चाललेली असते, पंधरा-वीस मिनिटांत एकदम खाली कोसळते, कूस बदलली की काही न खाता तितक्याच झटक्यात वर येते. खरा हायपो (रक्तातली साखर खरंच घसरणं) बहुतेक वेळा घाटातल्या उतारासारखा तास-दीड तास हळूहळू येतो.

अलार्म वाजला की आधी त्यांना उठवून बसवा, साबणाने हात धुऊन कोरडे करा आणि मग बोट टोचा. हात धुणं टाळू नका. बोटाला आंब्याचा रस किंवा बिस्किटाचा चुरा लागलेला असला तर मीटर खोटंच जास्त दाखवतो आणि खरा लो निसटतो. मीटरवर ७० च्या खाली आलं, किंवा लक्षणं असली, किंवा मीटरच्या पट्ट्याच संपल्या असल्या, तर सरळ लो धरून साखर द्या.

पुढचा सेन्सर उजव्या दंडाला लावा. तोवर त्यांच्या डाव्या बाजूला, पाठीला टेकेल असा लोड ठेवा, म्हणजे कूस वळणार नाही. आणि पहिल्या दिवसाच्या आकड्यांवरून काहीच ठरवू नका. सुई गेल्याने आत थोडी जखम झालेली असते, त्यामुळे पहिले २४ तास आकडे वेडेवाकडे, बरेचदा कमी येतात.

सपाटबाण:
जेवणानंतरच्या फरकासाठी सेन्सरला दोष नको. त्याची तार कातडीखाली जेमतेम ५ मिलीमीटर जाते आणि पेशींमधल्या द्रवात असते, रक्तात नसते. साखर आधी रक्तात वाढते, तिथे नंतर पोचते, म्हणून आकडा ५ ते १० मिनिटं मागे चालतो. जेवणानंतर साखर मिनिटाला २ ने चढत असेल तर दहा मिनिटांत २० चा फरक पडतो. तुमचा फरक २६. मीटरची स्वतःची चूक धरली तर हिशेब लागतो.

दोन्ही ताडून बघायचे तर सेन्सरच्या आकड्याशेजारचा बाण (साखर चढतेय की उतरतेय ते दाखवणारा) आडवा असताना बघा: सकाळी नाश्त्याआधी, किंवा जेवणाला तीन तास उलटल्यावर. चढत्या-उतरत्या बाणावर केलेली तुलना बाद. मीटरसाठीचं २०१३ चं आयएसओ मानक १०० च्या खाली ±१५ मिलीग्रॅम आणि वर ±१५ टक्के फरक चालवून घेतं, तोही ९५ टक्के वाचनांतच. म्हणजे ९६ हे ८१ ते १११ मधलं काहीही असू शकतं, पण ५८ नक्कीच त्यात बसत नाही. बाण आडवा असतानाही रोज एवढी तफावत आली तर सेन्सरचा अनुक्रमांक लिहून कंपनीला कळवा. काढलेला सेन्सर फेकू नका, तो परत मागतात.

सकाळच्या २४३ चं कारण तुम्हीच लिहिलंय. साखर दिल्यावरही सेन्सर काही मिनिटं खालचाच आकडा दाखवणार, आणि तो बघून आपण दुसरा ग्लास देतो. चहाचे तीन चमचे साखर (साधारण १५ ग्रॅम) पाण्यात विरघळवून द्या, घड्याळ लावा, १५ मिनिटांनी बोट टोचून बघा. अजून ७० च्या खाली असेल तरच पुन्हा द्या. पेढा, चॉकलेट नको, त्यातल्या तुपा-चरबीने साखर रक्तात उशिरा जाते.

गोधडी:
अर्धीच गोष्ट झाली. ३०/७० मधला ७० टक्के भाग मध्यम काळ चालणारा, त्याचा जोर साधारण ४ ते १० तासांत असतो. रात्री आठला टोचलं तर बारा ते सहा. म्हणजे तीनचा लो खराही असू शकतो, ‘दंडावर झोपले होते’ म्हणून सोडून देऊ नका. डोस मात्र स्वतः बदलू नका, दोन-तीन रात्रींच्या माहितीवर तर नाहीच.

डॉक्टरांना नेहमीच्या कागदावर आकडे लिहून नेण्यापेक्षा अ‍ॅपमधला १४ दिवसांचा अहवाल न्या (निदान ७० टक्के वेळेची नोंद भरलेली हवी). २०१९ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीनुसार सर्वसाधारण लक्ष्य ७० ते १८० मध्ये ७० टक्क्यांहून जास्त वेळ आणि ७० खाली ४ टक्क्यांहून कमी. वयस्क, जोखमीच्या रुग्णांसाठी ७० ते १८० मध्ये ५० टक्के वेळ पुरतो, पण ७० खालचा वेळ १ टक्क्याच्या आत, म्हणजे दिवसाला पाव तास. दाबाचे खोटे लो याच टक्क्यात मिसळतात, म्हणून त्या त्या वेळी अ‍ॅपमध्ये ‘मीटर ९६’ अशी नोंद करून ठेवा. नाहीतर भलत्याच कारणाने डोस कमी होईल.

एकादशीबद्दल: मिक्स इन्सुलिनला जेवण लागतं, ते थांबून राहत नाही. दुपारी साबुदाण्याची खिचडी (जवळजवळ निव्वळ स्टार्च, बाण सरळ वर) आणि रात्री फराळ नाही, पण इन्सुलिन रोजचंच, असा दिवस सगळ्यात वाईट. उपवासाच्या दिवशीचा डोस आधीच विचारून लिहून घ्या. ऐकणार नाहीत म्हणताय, मग निदान अलार्म ८० वर आणा.

खोबरेलतेल_नको:
चिकटवण्याबद्दल थोडं, कारण पुढचा तुम्हीच लावणार. दंडाच्या मागच्या बाजूला, इन्सुलिन टोचता त्या जागेपासून निदान अडीच सेंटीमीटर लांब. साबणाने धुवा, स्पिरिटच्या कापसाने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. ओलसर कातडीवर लावलेला चौथ्या दिवशी कडेने सुटतो. तेल लावून आंघोळ करायची सवय असेल तर तो दंड वगळा, दिवाळीच्या अभ्यंगालासुद्धा. वरून पट्टी लावलीत आणि सेन्सरच्या मधोमध बारीक भोक असेल, तर ते झाकू नका.

न उघडलेले सेन्सर ४ ते २५ अंशांत ठेवायचे असतात (खोक्यावर बघून घ्या). विदर्भातल्या मे महिन्यात कपाटात २५ मिळत नाही, तेव्हा फ्रिजचा खालचा कप्पा बरा, बर्फाच्या कप्प्याजवळ नको. एमआरआयच्या आधी सेन्सर काढा. क जीवनसत्त्वाच्या ५०० मिलीग्रॅमच्या गोळ्या चालू असतील तर माहितीपत्रक वाचा, काही सेन्सर त्याने खोटा जास्त आकडा दाखवतात. डेक्सकॉम कंपनीचे जी५ मॉडेलपर्यंतचे सेन्सर पॅरासिटामॉलने असेच फसत.

भाकरतुकडा:
सगळ्यांचे आभार. ते डाव्या कुशीवरच झोपतात. आलेख उघडून बघितला. पहिल्या रात्री ११२ वरून पंधरा मिनिटांत ५८ आणि अर्ध्या तासात परत १०८. दुसरी तशीच. तिसऱ्या रात्री मात्र साडेबाराला १३४, दीडला १०५, अडीचला ७८, मग ६४. यात विहीर दिसत नाही.

गोधडी:
तो घाटाचा उतार आहे. त्या रात्री बोट टोचलं नव्हतं, त्यामुळे खात्री नाही, पण खरा धरूनच चला. तिन्ही आलेखांचे फोटो घेऊन आज संध्याकाळच्या इन्सुलिनच्या आधी डॉक्टरांना फोन करा. त्या संध्याकाळी ते किती वाजता आणि किती जेवले होते, हेही सांगा.