पुण्यानुमोदनाला दोरा-पाणी ठेवावं का? मराठीत काय वाचू?

पंचगंगाकाठ:
जयभीम. आई गेल्यानंतरचं पुण्यानुमोदन येत्या रविवारी, कोल्हापुरात घरीच आहे. मावशीला परित्राणपाठ (रक्षणासाठी म्हणायच्या पाली गाथा) हवाय, पाण्याचा तांब्या ठेवून आणि सगळ्यांनी पांढरा दोरा धरून. थोरला भाऊ म्हणतो, बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात मंतरलेला दोरा चालणार नाही. देव, मार (मोहात पाडणारा), पुनर्जन्म, ऋद्धी (चमत्काराची शक्ती) यांबद्दल बुद्ध काय म्हणाले, हे चार दिवसांत वाचून होईल असं एकच पुस्तक सुचवा. बजेट ३०० रुपये.

बिंदूचौककर:
‘बुद्ध आणि त्याचा धम्म’. दुसरं काही बघूच नका. आत्मा नाही तर कर्म आणि पुनर्जन्म कसे, हा प्रश्न बाबासाहेबांनी प्रस्तावनेतच घेतलाय. म्हातारा, आजारी, प्रेत बघून सिद्धार्थानं घर सोडलं हेही त्यांना पटत नाही. रोहिणीच्या पाण्यावरून शाक्य-कोलियांचा तंटा, हे कारण ते देतात. माझ्याकडं तीन प्रती आहेत, त्यातली एक दीक्षाभूमीवरनं आणलेली.

साधामाणूस:
तीच मी घरबसल्या मागवली. मधली सोळा पानं कोरी! दुकानदार फोन उचलत नाही. हातात घेऊन, चाळूनच घ्या.

जुनीपानं:
धर्मानंद कोसंबींचं ‘भगवान बुद्ध’ घ्या. म्हातारा, आजारी, प्रेत, संन्यासी या चार दृश्यांची कथा मूळची विपस्सी या आधीच्या बुद्धाची, हे त्यात नीट उलगडलंय.

पालीप्रेमी:
बजेट बाजूला ठेवा, अख्खा दीघनिकाय, म्हणजे बुद्धांच्या लांब सुत्तांचा (उपदेशांचा) पाली संग्रह घ्या. त्यात केवट्ट सुत्त आहे. केवट्ट नावाचा गृहस्थ म्हणतो, भिक्खूकडून चमत्कार करवा, नालंदेत श्रद्धा वाढेल. बुद्ध म्हणतात, मला अशा चमत्कारांची लाज वाटते. शिकवण हाच थोर चमत्कार. विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, पिंडोल भारद्वाज या भिक्खूची गोष्ट आहे. त्यानं उंच टांगलेलं चंदनाचं पात्र हवेत जाऊन काढलं. बुद्धांनी ते फोडायला लावलं आणि गृहस्थांपुढं ऋद्धी दाखवायला बंदी केली. पण नीट वाचा: ऋद्धी खोटी असं तिथं म्हटलेलं नाही, दाखवू नका म्हटलंय. देव आणि ब्रह्माही सुत्तांत पानोपानी आहेत, पण तेही मरणाच्या फेऱ्यातच.

निळापाखरू:
दोऱ्याचं राहू दे, पत्रिकेत पुण्यानुमोदनाऐवजी ‘जलदान विधी’ छापू नका. श्राद्ध-पिंडदान सोडलं ना आपण?

पालीप्रेमी:
श्रीलंकेत, थायलंडात परित्ताचा (परित्राणाचा) दोरा मनगटाला बांधतातच.

निळापाखरू:
तिथलं तिथं. आमची दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची.

उचगावकर:
‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ घ्या, मी तर म्हणतो तेच. आणि दोरा नकोच. वडिलांच्या वेळी आम्ही ठाम राहिलो. आत्या न जेवता उठून गेली, तीन वर्षं बोलली नाही, तरी मला पश्चात्ताप नाही.

पंचगंगाकाठ:
सगळ्यांचे आभार. पुस्तक घेतलं नाही. पिंडोलाचं वाचून भंतेजींना फोन केला. ते प्रत्येक गाथेचा अर्थ मराठीत सांगणार आहेत आणि किसा गोतमीच्या मोहरीची गोष्ट (मूल गेलेल्या आईला बुद्ध सांगतात, कुणीच मेलं नाही अशा घरची मोहरी आण) मी वाचणार आहे. दोरा मात्र ठेवतोय. शेवटचे दोन महिने आईचं अंग पुसणं, केस विंचरणं, सगळं मावशीनं केलं. तिला नाही म्हणणं मला जमणार नाही. भाऊ नाराज आहे, पण पाहुण्यांची सोय तोच बघतोय. मावशीनं काल रीळ आणलं. साधंच, शिलाईचं, दहा रुपयांचं.