शब्दचर्चा : गव्हाण, बाळंतं, उतारशाळा (आणि शेवटी बोळ)

चष्मेबद्दूर
मुलाच्या शाळेत नाताळचं नाटुकलं आहे आणि संवाद लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. लूकच्या शुभवर्तमानातलं वाक्य (२:७) निवेदकाला तसंच द्यायचं ठरवलं : मरियेने बाळाला 'बाळंत्याने' गुंडाळून 'गव्हाणीत' ठेवलं, कारण 'उतारशाळेत' जागा नव्हती. चिरंजीव तिन्ही शब्दांवर अडले. "बाबा, बाळंत्या कोण?" हसलो खरा, पण गव्हाणीपाशी मीही अडखळलो. मी आजवर गव्हाणी म्हणजे गोठा समजत होतो, बायको म्हणते गव्हाचं कोठार. नक्की काय?

टिपरू
वहिनींना सांगा, गव्हाचा काही संबंध नाही. गव्हाण म्हणजे गुरांना वैरण घालायची जागा. गोठा ही इमारत, गव्हाण ही गुरांच्या तोंडापुढची. आमच्या जुन्या घरात ती दगडामातीची होती, कडेला आडवं लाकूड. बैलांनी माना घासून घासून ते लाकूड तुकतुकीत केलेलं. आत कडबा, नाहीतर उसाचं वाढं. लहानपणी दुपारी आम्ही त्यातच झोपायचो, आणि शर्टात कूस शिरली म्हणून मार खायचो.

शब्द 'गव्हाण'च. खाण-खाणीत, तसं गव्हाण-गव्हाणीत. 'गव्हाणी' असंही रूप आहे, पण आमच्याकडे ते कुणाच्या तोंडी नाही. संस्कृत 'गवादनी'शी नातं लावतात : गो अधिक अदन, गाईनं खायची जागा.

आणि शब्द मेलेला नाही बरं का. दर हंगामाच्या तोंडाला पेपर बघा : 'गव्हाणीत मोळी टाकून गळीत हंगामाचा शुभारंभ'. साखर कारखान्यात ऊस ओततात ती जागाही गव्हाणच, तळाला फिरती साखळी. यंत्राला चारा घालायचा म्हणून गव्हाण. हे नाव देणारा नक्की गोठ्यातून उठून आलेला असणार.

चष्मेबद्दूर
टिपरूभाऊ, मोळीची बातमी मी शंभरदा वाचलीय. डोक्यात कधी आलं नाही!

वसईची सून
दादा, बाळंत्या कुणी नाही, शब्द 'बाळंतं'. जुन्या लुगड्याचा नाहीतर धोतराचा मऊ तुकडा. दुपटं जाड, बाळंतं पातळ. मूळ ग्रीकमध्ये लांब पट्ट्यांनी बाळ गुंडाळायचं क्रियापद आहे, पण मराठी भाषांतरकारांनी घरातला शब्द उचलला ते छानच झालं. पुढे देवदूत मेंढपाळांना खूण सांगतो तीही बाळंत्याची आणि गव्हाणीची. आता बाळंतं गावातल्या प्रत्येक तान्ह्याला असणार. खरी खूण गव्हाण. म्हणून त्या एका अध्यायात हा शब्द तीनदा येतो (७, १२, १६).

गोठा मात्र लूकने कुठेच लिहिलेला नाही. सासरी आम्ही दर नाताळला हौसेने गोठा करतो, बैल आणि गाढवही ठेवतो. ती जनावरं यशयाच्या ग्रंथातल्या एका वचनावरून (१:३) चित्रात आलीत.

'उतारशाळा' म्हणजे धर्मशाळा, पण हा शब्द मला खटकतो. ग्रीक शब्द 'काताल्यूमा'. शेवटच्या भोजनाची खोली विचारताना येशू तोच शब्द वापरतो (लूक २२:११), आणि तिथे धर्मशाळा नक्कीच नाही. येशूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोनीच्या दाखल्यातल्या (म्हणजे बोधकथेतल्या) खऱ्या धर्मशाळेला लूक वेगळाच शब्द देतो, 'पांदोखेइओन' (१०:३४). त्यामुळे बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं असं की पाहुण्यांची खोली भरली होती, इतकंच. तिकडच्या साध्या घरांत रात्री जनावरं आतच घेत. खालच्या भागात ती, वरच्या भागात माणसं आणि मध्ये गव्हाण. दार लावून घेणारा धर्मशाळेचा मालक मजकुरात नाहीच!

टिपरू
म्हणजे मावळातलं घर. एकच छप्पर, अर्धं आपलं, अर्धं गुरांचं.

काढेवाली आजी
त्याच्या आधीची ओळ वाचलीत का? 'दिवस भरले' (२:६). ग्रीकमध्येही शब्दशः दिवस भरलेच. इथे भाषांतरकाराला काही करावंच लागलं नाही, म्हण आपल्या अंगणातच उभी होती.

मत्तयाच्या शुभवर्तमानात (२:११) 'मागी', म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी लोक, येतात ते घरात, गव्हाणीपाशी नाही. ते किती होते हेही लिहिलेलं नाही. दानं तीन, म्हणून माणसं तीन. ते राजेही नंतर झाले. गोव्यात ६ जानेवारीला तीन राजांचं फेस्त होतं आणि तिथल्या रेईश मागूश गावाच्या नावात 'राजे' व 'मागी' दोन्ही बसलेत.

पण माझं लक्ष तिसऱ्या दानावर : सोने, ऊद व गंधरस. गंधरस म्हटलं की तुम्हाला अत्तर वाटेल. अमरकोश उघडा, बोळ आणि गंधरस एकच. हाच तो हिराबोळ, तपकिरी खडे, जिभेला कडूजहर. माझ्या पहिल्या बाळंतपणात सासूबाईंनी त्याची गोळी तुपात घोळवून दिली होती आणि मी ती तोंडातून परत काढली होती. टीकाकार या दानात मरणाची चाहूल बघतात, कारण पुढे योहानाकडे (१९:३९) प्रेताला लावायलाही गंधरसच आणलाय. ते खरंच असेल. पण मराठी बाई ती ओळ वाचताना आधी म्हणते, बरं झालं, बाळंतिणीचंही कुणीतरी पाहिलं.

चष्मेबद्दूर
आजी, मागींच्या हातात हिराबोळाची डबी देतो. गव्हाणीसाठी पुठ्ठ्याचं खोकं आणि खरा कडबा. एकच अडचण : धर्मशाळेच्या मालकाचं काम एका मुलाला आधीच दिलंय आणि त्याच्या आईने कोट शिवून ठेवलाय.

वसईची सून
कोट राहू दे. त्याला योसेफाचा चुलता करा. "वरची खोली पाहुण्यांनी भरलीय रे, आत ये, गव्हाणीपाशी ऊब आहे."

चष्मेबद्दूर
जमलं. वाक्य लांबलंय, पण पोरगा पाठ करेल म्हणतो.